उलाळ : खाप्याच्या बंडीपासून पिकअपच्या ट्रेलरपर्यंत, ओझ्याच्या मर्यादेचा इतिहास

१/
आजचा धागा एका साध्या प्रश्नावर आहे. गाडी ‘भरली’ हे कोणी ठरवायचे? डोळ्यांनी, बैलाने, रस्त्याने की कायद्याने? गेल्या दोनशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर किमान चार वेळा बदलले, आणि त्यातील बरेचसे बदल नागपूरच्या परिसरात उभे राहून पाहता येतात. म्हणून सुरुवात खाप्यापासून करू.

२/
सावनेर तालुक्यात कन्हान नदीच्या काठी वसलेले खापा हे विणकरांचे जुने गाव. १८६७ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. गावाजवळच गुमगावची मँगनीज खाण आहे. (बुटीबोरीच्या वाटेवरील रेल्वेस्थानकाचे गुमगाव वेगळे, दोहोंची गल्लत नेहमी होते.) म्हणजे एकाच गावाच्या वाटांवरून दोन अगदी भिन्न प्रकृतीचे माल गेले : एक कापूस, दुसरा मँगनीजचा दगड.

३/
हा भेद नीट ध्यानात घ्या, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. सैल भरलेला कापूस एका घनमीटरात दोनशे किलोंच्या आतच राहतो. फोडलेले मँगनीज खनिज तेवढ्याच जागेत दोन टनांहून जड भरते. कापसाची बंडी माणसाच्या डोक्यावर जाईल इतकी उंच रचली तरी बैल तिला ओढून नेतात. मँगनीजची बंडी वीतभर भरली तरी पुरे होते. बघणाऱ्याला मात्र ती रिकामीच वाटते, आणि ‘अजून चार टोपल्या टाका’ असे सांगणाऱ्याला तर हमखास वाटते.

४/
बंडीच्याही आधी ओझे बैलाच्या पाठीवर होते. रेल्वेपूर्व काळात वऱ्हाडचा आणि नागपूर प्रांताचा कापूस सुमारे पाचशे मैल दूर, गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. वऱ्हाडचा कापूस मुंबईला पाठवण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८२५-२६ साली विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी केला. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनुसार १,२०,००० पौंड कापूस ५०० बैलांवर लादून रवाना झाला.

५/
आता भागाकार करा. प्रत्येक बैलावर २४० पौंड, म्हणजे सुमारे १०९ किलो. हा आकडा लक्षात ठेवा. स्वतंत्र भारताने १९६५ साली पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा कायद्याने ठरवली, तेव्हा लहान बैलासाठी १०० आणि मध्यम बैलासाठी १५० किलो असे आकडे लिहिले. तांडा घेऊन शेकडो मैल चालणाऱ्याला नियमपुस्तकाची गरज नव्हती. वाटेत बैल बसला तर माल तिथेच अडे, आणि तोटा त्याचा स्वतःचा असे.

६/
तोटा ज्याचा, मर्यादा त्याची. हे सूत्र पुढे मोडले, आणि माझ्या मते खरी कहाणी तिथेच सुरू होते.

१८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रजी संस्था स्थापन झाली. पुढे तिचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली, १९६२ साली सरकारी भागीदारीतून आजची ‘मॉइल’ आणि १९७७ साली ती पूर्णपणे सरकारी मालकीची. विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर, भंडारा, बालाघाट पट्ट्यातील खाणींना वेग आला. ट्रॅमवे आणि रेल्वेचे फाटे येईपर्यंत खाणीच्या तोंडापासून लोहमार्गापर्यंतचा टप्पा बैलांच्याच माथी होता. सावनेरवरून जाणारी नागपूर–छिंदवाडा ही अडीच फुटी अरुंदमापी रेल्वे तर १९१३ सालची.

७/
खाणीच्या वाहतुकीत माल एकाचा, बैल दुसऱ्याचा आणि मोबदला खेपेवर किंवा वजनावर. अशी रचना झाली की प्रत्येक खेपेत थोडे अधिक टाकण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. मालकाला खेपा वाचतात, गाडीवानाला चार पैसे अधिक मिळतात. झीज सोसतो तो बैल, आणि त्याच्यानंतर रस्ता. आजच्या रेतीच्या ट्रॉलीचे आणि उसाच्या गाडीचे गणित अक्षरशः हेच आहे.

८/
बैलाच्या बाजूने कायदा आला १८९० साली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या त्या कायद्यात सार्वजनिक ठिकाणी जनावरावर अतिरिक्त ओझे लादणे हा गुन्हा ठरला. पण ‘अतिरिक्त’ म्हणजे किती मण, हे त्यात लिहिलेले नव्हते. ते ठरवायचे पोलिसाने आणि न्यायाधीशाने, पुन्हा डोळ्यांनीच. आकडा यायला पंचाहत्तर वर्षे लागली.

९/
१९६०च्या नव्या कायद्याखाली १९६५ साली जे नियम झाले, ते इतिहासप्रेमींनी एकदा तरी वाचावेत. २०० ते ३५० किलो वजनाचा बैल ‘मध्यम’. दुचाकी गाडी ओढताना त्याची मर्यादा अशी : साध्या चाकांवर ७०० किलो, हवेच्या टायरांवर १०५०, आणि बॉल-बेअरिंग असेल तर १४००. बैल तोच, पण चाक बदलताच ओझे दुप्पट. बैल जोडीने असतील तर मर्यादाही दुप्पट होते.

१०/
त्याच नियमांत आणखी दोन कलमे आहेत, आणि विदर्भातील माणसाने त्यांवर थांबावे अशीच ती आहेत. पहिले : वाटेत किलोमीटरभर किंवा अधिक चढ असेल आणि तो तीस मीटरांत तीन मीटरांहून जास्त उभा असेल, तर ओझे निम्मे करावे. दुसरे : पारा ३७ अंशांच्या वर जाणाऱ्या प्रदेशात दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावराला गाडीला जुंपू नये. नागपूरकडचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या कलमाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणजे मर्यादा हा एकच अढळ आकडा नसतो. चाक, चढ आणि ऊन यांप्रमाणे तो हलतो. अनुभवी गाडीवानाला हे ठाऊक होतेच. कायद्याने ते कागदावर आणले.

११/
गाडीवानाला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती मात्र या नियमांत नाही : ओझे किती, याइतकेच ते कुठे.

दोन चाकांची बंडी ही तराजूसारखी असते. आख हा तिचा काटा. माल मागे जास्त झाला की साटा मागे कलतो आणि धुरा वर उचलला जातो. याला मराठीत ‘उलाळ’ असा नेमका शब्द आहे. गाडी उलाळ झाली की जू वर चढते आणि मानेखालून बांधलेल्या सापत्या बैलाच्या गळ्याला फास लावतात. माल फार पुढे घेतला तर जू मानेवर दाबून बसते आणि खांद्याला घट्टे पडतात. म्हणून जाणता गाडीवान भरताना मधूनमधून धुरा हाताने उचलून पाही. थोडा भार पुढे हवा, पण थोडाच.

१२/
येथून थेट आजच्या पिकअपकडे येता येते, कारण एकाच आखाचा ट्रेलर म्हणजे यांत्रिक बंडीच. जू गेले, त्या जागी हुकाचा गोळा आला. अमेरिकेत असे ट्रेलर ओढणाऱ्यांचा सर्वमान्य आडाखा असा, की ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर यावा. एक टनाचा ट्रेलर असेल तर १०० ते १५० किलो. भार त्याहून कमी, म्हणजे गाडी उलाळ, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावू लागतो आणि पुढची गाडीही सोबत ओढतो. भार फार जास्त झाला तर पिकअपचा मागचा भाग बसतो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही सैल पडतात.

बैल निदान थांबून आपली तक्रार सांगत असे. हूक सांगत नाही.

१३/
रस्त्याचा पक्ष मांडणारेही आपल्याकडे होते. १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. (हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.) पेट्रोलवरील करातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला तो या समितीच्या शिफारशीवरून. पुढे डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांची पहिली रस्ते योजना तयार झाली, जी आजही ‘नागपूर योजना’ याच नावाने अभियांत्रिकीच्या पुस्तकांत शिकवली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही आपल्या ओळखीची उतरंड तिथलीच.

१४/
बंडीच्या चाकाची अरुंद लोखंडी धाव खडीचा रस्ता अक्षरशः कापत जाई. हवेचे टायर आले आणि पृष्ठभाग वाचला, पण ओझे वाढले. त्याचा परिणाम मोजण्याचा सर्वांत मोठा प्रयोग १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ झाला. वेगवेगळ्या भाराचे ट्रक तयार रस्त्यांवर दोन वर्षे फिरवले गेले. निष्कर्ष असा, की रस्त्याची हानी आखावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार २० टक्क्यांनी वाढला तर हानी २० टक्के नव्हे, दुपटीहून अधिक.

१५/
हे सूत्र आपल्या कायद्यातील आकड्यांना लावून पाहा. चार टायरांच्या एकेरी आखाची मर्यादा भारतात ८.१६ टन होती. १९८३ साली ती १०.२ झाली आणि जुलै २०१८ मध्ये ११.५ टन. पहिल्या बदलात भार सव्वापट वाढला, हानी जवळजवळ अडीचपट. दुसऱ्यात भार सुमारे १३ टक्के, हानी सुमारे ६० टक्के. ट्रकची बांधणी सुधारली हे खरे. जुने रस्ते आणि पूल मात्र जिथल्या तिथे होते. लोक मर्यादा पाळत नाहीत म्हणून मर्यादाच वर नेणे, हा उपाय मला पटलेला नाही.

१६/
मोटार वाहन कायदा, १९८८. कलम ११३ : नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजनाहून अधिक भार घेऊन वाहन किंवा ट्रेलर चालवू नये. या कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही ‘मोटार वाहन’च आहे. कलम ११४ : वाहन काट्यावर नेऊन वजन करवता येते आणि जादा माल उतरवायला लावता येतो. त्याहून महत्त्वाचे, कलम ११३ मधील चौथे उपकलम. चालक हा मालक नसेल, तर हे मालकाच्या माहितीने किंवा आदेशानेच घडले असे न्यायालय गृहीत धरू शकते. सातव्या पोस्टमधील तो तिढा आठवा. तोटा आणि मर्यादा यांची तुटलेली गाठ पुन्हा बांधण्याचा हा प्रयत्न आहे.

१७/
व्यवहारात काय झाले? काही राज्यांनी ठराविक रक्कम भरून जादा ओझ्यासह पुढे जाऊ देणारे पास काढले. म्हणजे दंड हाच परवाना झाला. नोव्हेंबर २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवले : दंड भरला तरी जादा माल उतरवल्यावाचून गाडी हलता कामा नये. २०१९च्या दुरुस्तीने दंड २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये इतका झाला.

१८/
पुन्हा कन्हानच्या काठी. आपल्याकडे रेती ‘ब्रास’मध्ये मोजतात, वजनात नव्हे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोरडी रेती असेल तर सुमारे साडेचार टन; नदीतून ओली काढलेली असेल तर पाच टनांच्याही वर. मोजमाप आकारमानाचे, मर्यादा वजनाची. म्हणून ब्रास ‘बरोबर’ असूनही ट्रॉली मर्यादेबाहेर जाऊ शकते. दीड टन वाहून नेणाऱ्या पिकअपला तर ब्रासचा तिसरा हिस्साच पुरतो. हौदा निम्म्याहून अधिक मोकळा दिसतो. शंभर वर्षांपूर्वीची मँगनीजची बंडी तरी वेगळी कुठे होती? त्यात शेतीच्या अनेक ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतात. उतारावर मागचे पाच टन पुढचा ट्रॅक्टर एकटा थोपवतो.

१९/
आता एक योगायोग. अमेरिकेत पिकअप किती ओढू शकते हा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने जाहीर करीत असे. २००८ साली तेथील अभियंत्यांच्या संस्थेने त्यासाठी समान कसोटी प्रसिद्ध केली. तीत ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे १८ किलोमीटरांचा चढ मापदंड धरला आहे. पूर्ण भाराचा ट्रेलर जोडून, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, बाहेर किमान १०० अंश फॅरनहाइट तापमान असताना तो चढायचा. १०० अंश फॅरनहाइट म्हणजे जवळपास ३८ अंश सेल्सिअस.

चढ आणि ऊन. बैलासाठी १९६५ साली आपण जिथे थांबलो, इंजिनासाठी ते तिथूनच मोजायला लागले.

२०/
ज्यांच्या घरी पिकअप आणि ट्रेलर आहे त्यांच्यासाठी शेवटचे. वजनकाट्याला आपल्याकडे धरमकाटा म्हणतात. तिथे दोन पावत्या घ्या. आधी भरलेली पिकअप एकटी काट्यावर उभी करा. मग ट्रेलर जोडा आणि फक्त पिकअपची चाके काट्यावर राहतील, ट्रेलरची बाहेर राहतील असे पाहा. दोन वजनांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. दुसरे वजन पहिल्याहून कमी भरले, तर गाडी उलाळ आहे. माल पुढे सरकवा आणि पुन्हा काट्यावर या.