बापाचे नाव सांगणारे कागद

इंग्लंडमधल्या अनेक पॅरिशच्या (गरिबांना मदत देण्याची जबाबदारी असलेल्या स्थानिक विभागांच्या) जुन्या दप्तरांत अविवाहित गरोदर स्त्रियांच्या जबान्या आहेत. कारकुनाने लिहिलेला ठरावीक मजकूर: बाई कोण, पोटातले मूल कोणाचे. खाली पुष्कळदा सहीऐवजी फुली. जोडीला त्या पुरुषाचे हमीपत्र, की मुलाचा खर्च पॅरिशवर पडू देणार नाही. ही व्यवस्था दयेपोटी नव्हती. नाव वदवून घेण्यासाठी बाईवर दडपण येई, कधी तुरुंगही वाट्याला येई. तरी या कागदांच्या जोरावर पॅरिश बापाकडून दर आठवड्याला पैसे वसूल करी आणि त्यावर आई मूल सांभाळी.

१८३४ नंतर हे कागद मिळेनासे होतात. कारण त्याच वर्षीच्या नव्या 'पुअर लॉ'मध्ये, म्हणजे गरिबांच्या मदतीच्या कायद्यात, सापडते. नासाऊ सीनियर आणि एडविन चॅडविक यांनी लिहिलेल्या, या कायद्याआधीच्या चौकशी आयोगाच्या अहवालात सगळा संशय बाईवर आहे: पैसे मिळतात म्हणून तिला धाक उरत नाही, आणि ती खोटे नाव घेऊन निरपराध पुरुषाला अडकवते. कायद्याच्या कलम ७१ ने मूल १६ वर्षांचे होईपर्यंत त्याचा भार अविवाहित आईवर टाकला. बापाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क फक्त पॅरिशला उरला. तोही मूल सरकारी मदतीवर आले, आणि आईच्या सांगण्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार मिळाला, तरच. वसूल झालेल्या पैशांतले काहीही आईला देऊ नये, हेही कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. ते पैसे बापाचे होते, सरकारचे नव्हेत. केवळ काटकसर साधायची असती, तर या मनाईची गरज नव्हती. इथे शिक्षाच अभिप्रेत होती, असे मला वाटते.

१८३९ ते १८४३ या काळात दक्षिण वेल्समध्ये 'रिबेका'चे दंगे झाले. ते मुख्यतः टोलनाक्यांविरुद्ध होते, पण दंग्यांच्या चौकशी आयोगापुढे लोकांनी १८३४ च्या या कलमांबद्दलचाही संताप मांडला. या आयोगाचे अध्यक्ष थॉमस फ्रँकलंड लुईस. १८३४ चा कायदा राबवणाऱ्या मंडळाचे पहिले अध्यक्षही तेच होते.

या चौकशीनंतर १८४४ मध्ये कायदा बदलला. आता आई स्वतः मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकत होती. सुरुवातीचे काही आठवडे वगळता बापाकडून आठवड्याला जास्तीत जास्त अडीच शिलिंग, मूल १३ वर्षांचे होईपर्यंत. दुसऱ्या पुराव्याची अट मात्र तशीच राहिली, आणि या दाव्यात तिला मदत करायला पॅरिशच्या अधिकाऱ्यांना मनाई झाली.