शेरवा : एका हंडीचा इतिहास

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. ज्याच्या काळात अजिंठ्याची काही श्रेष्ठ लेणी कोरली गेली, तो हरिषेण याच शाखेचा. १९३९ साली याच गावात दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला आणि आमच्या जिल्ह्याला इतिहास मिळाला, असे म्हणण्याची पद्धत आहे. मीही वर्गात हेच शिकवते. परंतु वाकाटकांच्या दानपत्रांतील एक तपशील मला दरवर्षी अडवतो. ब्राह्मणांना दान दिलेल्या गावांना ज्या सवलती मिळत, त्यांत एक अशी की, फिरतीवर आलेल्या राजपुरुषांना चारा, बसायला कातडी आणि कोळसा पुरवण्याचे बंधन त्या गावावर राहणार नाही. याचा अर्थ इतर गावांवर ते होते. कातडे पुरवायचे म्हणजे जनावर कोणीतरी सोलले पाहिजे. तो सोलणारा कोण? आणि कातडे राजपुरुषाच्या बुडाखाली गेल्यावर उरलेले जनावर कोणाच्या चुलीवर गेले? तांब्यावर हे कोरलेले नाही.

त्या चुलीविषयी मला लिहायचे आहे. मोठ्या जनावराचे मांस मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचे, त्याचा पातळ शेरवा वेगळा काढायचा, आणि भाकरीत मांसाचे धागे भरून ती शेरव्यात बुडवून खायची, हा आमच्या घरातला स्वयंपाक. त्रैमासिकाच्या गंभीर पानांवर हे कशाला, असे म्हणून आपल्यापैकीच काही वाचक नाक मुरडतील, हे मला ठाऊक आहे. त्यांचे ते नाक मुरडणे हासुद्धा या इतिहासाचाच भाग आहे, म्हणून आधी हंडी चुलीवर चढवू आणि मग त्याकडे वळू.

माझी माय पिंढरीचे, नळीजवळचे मांस घेते. एक किलोला दोन लिटर पाणी. हळद, थोडे मीठ, ठेचलेला लसूण एवढेच घालून हंडी आधी मोठ्या जाळावर ठेवायची. वर येणारा फेस दोनतीनदा काढून टाकायचा. मग पऱ्हाट्या मागे ओढायच्या, निखाऱ्यावर गोवरी ठेवायची आणि हंडी वैलावर सरकवायची. त्यानंतर चारपाच तास तिच्याकडे बघायचे नाही. पाणी खदखदता कामा नये, कडेला एखादा बुडबुडा तेवढा यावा. कांदा, सुके खोबरे, धने, तीळ भाजून पाट्यावर वाटलेला मसाला शेवटच्या तासात. मांस बोटांनी सुटू लागले की ते बाहेर काढून धागे करायचे. शेरवा राहतो तो हंडीत. मुलाबाळांना आणि आजाऱ्याला आधी वाटीभर नुसता शेरवा. मी मुलगी असताना घाई करी, तर माय म्हणे, “इस्तो कमी कर. मास घाईनं शिजत नाही.”

मायच्या या वाक्यामागे शास्त्र आहे. आयुष्यभर औत ओढलेल्या जनावराच्या पायाचे मांस चिवट असते, कारण त्यात स्नायूंना बांधणारे पांढरे तंतू फार. जोराच्या जाळावर हे मांस आक्रसून दोरीसारखे होते. पाणी उकळीच्या खाली राहिले तर तेच तंतू काही तासांत विरघळून चिकट रस बनतात. शेरवा बोटांना चिकटतो तो त्याच्यामुळे. कोवळ्या जनावराच्या पाठीचे मऊ मांस ज्यांना परवडते, त्यांना ही कला शिकावी लागत नाही. आमच्या आज्यांना ती शिकावी लागली, कारण त्यांच्या वाट्याला आलेले जनावर म्हातारे असे किंवा मेलेले असे.

इथे इतिहास सरळ स्वयंपाकघरात शिरतो. वऱ्हाडात आणि मराठवाड्यात बिदरच्या बादशहाने महारांना ५२ हक्क दिल्याची परंपरा सांगितली जाते. मेलेल्या जनावरावरचा हक्क त्या परंपरेतलाच. गावाने त्याला हक्क म्हटले. जनावर ओढून नेणे ही सक्ती होती आणि मजुरी म्हणून तेच जनावर मिळत होते, तेव्हा त्याला हक्क म्हणावे की काय म्हणावे, हे वाचकांनी ठरवावे. मेलेल्या जनावराचे रक्त वाहून गेलेले नसते, त्यामुळे ते मांस लवकर नासते. म्हणून ज्या दिवशी मिळाले त्या दिवशी शिजवायचे ते शिजवायचे आणि उरलेल्याच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या, त्या चान्या. पुढे महिनोन्‌महिने मूठभर चान्या आणि भरपूर पाणी यांवर घर निघे. एवढ्याशा मांसात दहा माणसांच्या भाकरी ओल्या करायच्या, तर शेरवा पातळच हवा. जे आपण चव म्हणून सांगतो त्याचे मूळ असे वाटणीत आहे. आणि या अन्नाने माणसेही मारली. काळपुळीने मेलेल्या जनावराचे मांस कितीही उकळले तरी निर्धोक होत नाही. आजीच्या तोंडून ‘त्या वर्षी वस्तीतली माणसं गेली’ असे ऐकले आहे. कशाने, हे ती सांगत नसे.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातीजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यात महार मेलेले ढोर खातात ही नोंद आहे. साहेबाच्या लेखी ती एका जातीची सवय होती. ते शिजवायला कोणत्या बाईने पहाटे उठून चूल पेटवली, कोणते लाकूड तिला तोडू दिले जात नव्हते, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही.

वेळेची गोष्ट तर विशेष सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत विजेवर चालणारे एक मातीचे भांडे घरोघर असते. सकाळी मांस घालून कामावर जावे, संध्याकाळी तयार. आयर्व्हिंग नॅक्सन या ज्यू संशोधकाने त्याचे पेटंट १९४० साली मिळवले आणि १९७१ पासून ते ‘क्रॉक पॉट’ या नावाने विकले जाऊ लागले. नॅक्सनच्या घरची हकीकत अशी की, त्याच्या आईच्या लिथुआनियातल्या गावी शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवायचा नसे, म्हणून शुक्रवारीच मांसाची हंडी बेकरीच्या भट्टीत ठेवून देत. ती रात्रभर शिजे. हे वाचले तेव्हा मला आजीची हंडी आठवली. तीही पहाटे राखेत पुरून ठेवलेली असे, कारण दिवस उगवायच्या आत आजीला दुसऱ्याच्या वावरात निंदायला हजर राहावे लागे. ज्यू आईला तिच्या धर्माने विश्रांती दिली होती, म्हणून तिची हंडी एकटी शिजत होती. आजीची हंडी एकटी शिजे ती मालकाच्या वावरासाठी.

आता नाक मुरडणाऱ्यांकडे वळू. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे मागणे सोडा, असे सांगितले. १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी या प्रश्नाचा इतिहास मांडला. ब्राह्मण स्वतः एके काळी गोमांस खात होते, पुढे बौद्ध धर्माशी झालेल्या झगड्यात त्यांनी ते सोडले, आणि ज्या पराभूत, बौद्ध राहिलेल्या लोकांना ते सोडता आले नाही ते अस्पृश्य ठरले, असा त्यांचा सिद्धांत आहे. अस्पृश्यतेचा उगम ते इसवी सन ४०० च्या सुमारास धरतात. वर ज्या वाकाटक दानपत्रांचा उल्लेख केला ती याच काळातली आहेत. सिद्धांताला हा पुरावा म्हणून मी पुढे करीत नाही. पण कातडे मागणारी सत्ता आणि कातडे सोलणाऱ्याला गावाबाहेर ठेवणारी व्यवस्था एकाच सुमाराला दिसतात, हे आमच्या वाशीमच्या विद्यार्थ्यांना निदान कळले पाहिजे. वैदिक काळी गोमांस निषिद्ध नव्हते, हे तर महामहोपाध्याय काणे यांनीही मान्य केले आहे. पाहुण्याला ‘गोघ्न’ म्हणतात हे पाणिनीचे सूत्र संस्कृतच्या पदवीधरांना पाठ असते.

बाबासाहेबांनी हल्ला केला तो मढे ओढण्याच्या गुलामीवर आणि मेलेल्या मांसावर. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारू वर्ज्य आहे, मांस नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये त्यांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. परंतु दीक्षेनंतरच्या दोन पिढ्यांत आपल्यातल्या शिकलेल्यांनी दोन गोष्टी एक करून टाकल्या. मढे सोडले त्याबरोबर खाटकाकडून रोख पैशाने घेतलेल्या ताज्या मांसाचीही लाज धरली. नोकरी लागली, भाड्याचे घर सवर्ण वस्तीत मिळाले, आणि हंडी गेली. मी कोणाला दोष देत नाही. मी स्वतः पहिल्या नोकरीच्या गावी घरमालकिणीने विचारले तेव्हा ‘आम्ही शाकाहारी’ असे सांगितले होते. त्या घरात तीन वर्षे राहिले. कुकरच्या शिट्ट्या शेजारी मोजतात, म्हणून कोंबडीसुद्धा शिजवली नाही.

आजीने मात्र ही गफलत केली नाही. १९५६ साली ती नुकतीच लग्न होऊन आलेली. वस्तीतली माणसे नागपूरहून परतली तेव्हा मढ्याचे मांस शिजवायची मोठी हंडी सासूने आणि तिने मिळून उकिरड्यावर फोडली. गावाने ढोर ओढायला बोलावले, कोणी गेले नाही. मग वावरातले काम बंद, किराणा बंद. ते दिवस तिने काढले. आणि आठवडी बाजारातून कुरेशी खाटकाकडून पावभर ताजे मांस आले तेव्हा नवी, लहान हंडी घेतली. ही लहान हंडी आमच्याकडे पुष्कळ वर्षे होती.

खरी कसोटी पुढे लागली. १९७२ च्या दुष्काळात चाऱ्यावाचून जनावरे पटापट मरत होती. माय तेव्हा दहा वर्षांची. रोजगार हमीच्या कामावर आजी खडी फोडी. सुकडी मिळे, रेशनला लाल मिलो मिळे. मिलोची भाकर कडवट आणि घशाखाली न उतरणारी, म्हणून ती बुडवायला आजी तिखट-मिठाचे पाणी गरम करून देई आणि त्याला ‘शेरवा’ म्हणे. शिवारात जनावर मरून पडलेले होते. कोणी अडवले नसते. वस्तीने हात लावला नाही. चळवळीच्या इतिहासात परिषदा आहेत, ठराव आहेत, मोर्चे आहेत. भुकेल्या पोरांसमोर तिखटाच्या पाण्याला शेरवा म्हणणाऱ्या बाईची नोंद कोणत्या ठरावात करायची?

या बायकांच्या नोंदी अगदीच झाल्या नाहीत असे नाही. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ मध्ये ती चूल आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध करून चळवळीतील बायकांना नावे दिली. २००९ मध्ये पुण्याच्या विद्यापीठात शर्मिला रेगे यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केले. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले, त्यात मराठवाड्यातल्या या स्वयंपाकाची रीतसर कृतीसह नोंद आहे. वऱ्हाडाचे असे पुस्तक अजून व्हायचे आहे.

त्याच २०१५ साली दुसरीही एक गोष्ट झाली. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद होती, बैल आणि वळू दाखल्यावर कापता येत. १९९५ च्या दुरुस्ती विधेयकाला फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैलही कायद्याने बंद झाला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यात कापलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हैस आणि रेडा यांना ही बंदी नाही, आणि आज आमच्या हंडीत असते ते रेड्याचेच मांस. खाटकाकडून पिशवी घेऊन निघताना मात्र हे कलम रस्त्यावरच्या पोरांना कोण समजावून सांगणार? काळ्या पिशवीत काळी पिशवी घालून आणायची सवय माझ्या विद्यार्थ्यांच्या घरोघर आहे. म्हाताऱ्या बैलाचे काय करायचे, हे कायदा करणाऱ्यांनी आमच्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही सांगितलेले नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

लॉस एंजेलिस शहरात १९०८ साली निघालेली दोन खाद्यगृहे होती, फिलिप्स आणि कोल्स. गाईच्या मांसाचे काप पावात घालून तो पाव मांसाच्या रसात बुडवून देण्याची युक्ती आधी कोणाची, यावर त्या दोघांचा वाद शंभर वर्षे गाजला. दोघांनीही ‘आमचीच’ म्हणून पाट्या लावल्या. आमच्याकडे हाच पदार्थ ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला, त्यांच्यापैकी एकही ‘आमचा’ म्हणायला पुढे येत नाही.

माझा मुलगा भाकरीऐवजी पाव मागतो, म्हणून मी बेकरीचा लांबट पाव मधून चिरून त्यात धागे भरते आणि वाटीत शेरवा देते. मातीची हंडी नाही. गॅसच्या सगळ्यात लहान शेगडीवर, जाड बुडाच्या पातेल्यात, खाली तवा ठेवून चार तास. घर आता स्वतःचे आहे, खिडकी उघडी असते. माय भाकरच खाते.

गेल्या उन्हाळ्यापासून मी एका वहीत सत्तरीच्या पुढच्या बायकांकडून वाटणीच्या पद्धती, जनावराच्या भागांची नावे, चान्या वाळवायच्या रीती लिहून घेते आहे. मानोऱ्याकडची आणि रिसोडकडची नावे वेगळी येतात. मांग आणि चांभार वस्त्यांत मला अजून फारसे कोणी बोललेले नाही आणि त्याची कारणे मला समजतात. मायचे सगळे लिहून झाले. ती म्हणाली, “लिही, पन माह्यं नाव नको टाकू.” म्हणून इथे तिचे नाव दिलेले नाही.