चौदा गावे, डेन्मार्क आणि संमती

१९९२ हे साल युरोपच्या इतिहासात मास्ट्रिख्ट करारामुळे लक्षात राहिले. फेब्रुवारीत बारा देशांनी युरोपीय संघ स्थापण्याच्या करारावर सह्या केल्या आणि जूनमध्ये डेन्मार्कच्या मतदारांनी तो सार्वमतात ५०.७ टक्के मतांनी फेटाळला. त्याच वर्षी १ जानेवारीला नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील तळवली, गोठिवली, घणसोली ही आगरी-कोळी गावे तिच्या हद्दीत आली. येथे सार्वमत नव्हते आणि महापालिकेची पहिली निवडणूकही १९९५ साली झाली.

सार्वभौम राष्ट्र आणि गाव यांची बरोबरी होत नाही. गावकारभाराचे अधिकार राज्याच्या कायद्याने मिळतात आणि राज्य ते काढूनही घेऊ शकते. तरी लोकांच्या मनातला प्रश्न दोन्हीकडे एकच असतो : आपली जमीन, घर आणि कर यांचा निर्णय कोण घेणार? या पट्ट्यात तो महापालिकेहून जुना आहे. १९७० साली सिडको आली आणि भातशेती, मिठागरे संपादनात गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात मोबदल्यासाठी लढणारे पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मृत्युमुखी पडले. पुढे साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. गावठाणांत मात्र कुटुंबे वाढली तशी घरे वाढली आणि ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा वाद उभा राहिला.

शिळफाटा परिसरातील चौदा गावांनी वेगळी वाट धरली. मालमत्ता कराच्या धास्तीने तेथे महापालिकेविरुद्ध आंदोलन झाले आणि २००७ साली ही गावे वगळली गेली. काही वर्षांतच पाणी, रस्ते आणि बेसुमार बांधकामे यांनी ग्रामस्थ हैराण झाले. त्यातच ठाण्याचा कचरा भंडार्लीत येऊ लागला. परत घेण्याची मागणी झाली आणि २०२४ साली शासनाने गावे पुन्हा महापालिकेत आणली. आता कुरकुर शहरातून सुरू झाली : या गावांच्या विकासाचा खर्च आम्ही का सोसायचा? युरोपीय संघात नवे देश घेताना जुन्या सभासदांचा सूरही असाच असतो.

म्हणजे विलीनीकरणाविषयीचे लोकमत हे ठाम तत्त्व नसते. कर आधी आणि सोयी नंतर आल्या, तर स्वायत्तता प्रिय वाटते. एकटे पडल्यावर एकत्र येणे बरे वाटते. ब्रिटनने १९७५ साली सुमारे ६७ टक्के मतांनी युरोपीय समुदायात राहण्याचा कौल दिला, तर २०१६ साली ५१.९ टक्क्यांनी संघ सोडण्याचा.

डेन्मार्कचा नकार मात्र वाया गेला नाही. चलन, संरक्षण, नागरिकत्व आणि न्यायव्यवहार यांबाबत त्याला सवलती मिळाल्या आणि १९९३ साली त्याच मतदारांनी ५६.७ टक्क्यांनी होकार दिला. तेथे नकारातून अटी ठरल्या. आपल्याकडे गावांना आत घेतले, बाहेर काढले, पुन्हा आत घेतले. पण अटींवर त्यांच्याशी आधी बोलण्याची रीत अजून पडलेली नाही. म्हणूनच तळवलीच्या पट्ट्यातला घरांचा प्रश्न महापालिका येऊन तीन दशके उलटली तरी आंदोलनाच्या मांडवातच राहिला.