मोटारीचे टायर

मोटारीचा टायर हा चाकाच्या रिमवर बसवलेला, हवा भरलेला रबरी वेष्टनरूपी घटक होय. वाहनाचा भार पेलणे, रस्त्यावर पकड ठेवणे आणि धक्के शोषून घेणे ही त्याची मुख्य कामे आहेत. भारतीय बाजारात देशी व परदेशी अशा अनेक ब्रँडचे टायर मिळतात. तथापि टायरची गुणवत्ता केवळ ब्रँडच्या नावावरून ठरत नाही. मापे, भारक्षमता, रबराचे मिश्रण, नक्षी व उत्पादनाचा काळ या सर्वांवर ती अवलंबून असते.

इतिहास

चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर व गंधक एकत्र तापवून टिकाऊ रबर मिळवण्याची व्हल्कनीकरण प्रक्रिया शोधली. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवा भरलेला व्यावहारिक टायर बनवला. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. रेडियल टायरमधील धागे चाकाच्या परिघाला काटकोनात असतात व त्यांवर पोलादी पट्टे बसवलेले असतात. त्यामुळे टायर कमी तापतो आणि अधिक काळ टिकतो. आजच्या मोटारींना बहुधा रेडियल व ट्यूबलेस टायर असतात.

प्रमुख ब्रँड

* एमआरएफ : मद्रास रबर फॅक्टरी हे मूळ नाव. १९४६ मध्ये के. एम. मम्मेन मापिल्लई यांनी खेळण्याच्या फुग्यांचा कारखाना म्हणून सुरुवात केली.
* सीएट : १९२४ मध्ये इटलीतील तुरीन येथे स्थापन. भारतीय कंपनी १९५८ मध्ये मुंबईत सुरू झाली व १९८२ मध्ये आरपीजी समूहाकडे आली. भांडुप व नाशिक येथे तिचे कारखाने आहेत. विदर्भात नागपूरजवळील बुटीबोरी येथेही कारखाना असून तो दुचाकींच्या टायरसाठी उभारण्यात आला.
* अपोलो : १९७२ मध्ये स्थापन झालेली भारतीय कंपनी. २००९ मध्ये तिने नेदरलँड्समधील फ्रेडेस्टाइन ही कंपनी घेतली.
* जेके टायर : पहिला कारखाना राजस्थानातील कांकरोली येथे.
* ब्रिजस्टोन : १९३१ मध्ये जपानमध्ये स्थापन. संस्थापक शोजिरो इशिबाशी यांच्या आडनावाचा अर्थ ‘दगडी पूल’ असा असून त्यावरून हे नाव घेतले गेले. पुण्याजवळ चाकण येथे कारखाना.
* गुडइयर, मिशेलिन, कॉन्टिनेन्टल : अनुक्रमे अमेरिका, फ्रान्स व जर्मनी येथील जुन्या कंपन्या. गुडइयर कंपनी चार्ल्स गुडइयर यांनी स्थापन केलेली नाही. १८९८ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ हे नाव देण्यात आले.

एकाच ब्रँडमध्ये कमी इंधनखर्चाचे, अधिक पकडीचे व खडबडीत रस्त्यांचे असे वेगवेगळे प्रकार असतात. त्यामुळे ब्रँडच्या तुलनेपेक्षा प्रकारांची तुलना अधिक उपयुक्त ठरते.

टायरवरील खुणा

‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ या खुणेत १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी आहे. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८८ हा भारनिर्देशांक प्रतिटायर ५६० किलोग्रॅम भार दर्शवतो, तर ‘एच’ ताशी २१० किलोमीटर ही कमाल वेगमर्यादा दर्शवतो. उत्पादनाचा काळ चार अंकांत असतो. उदाहरणार्थ, २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा.

मानके

भारतात टायरवर भारतीय मानक ब्युरोची आयएसआय खूण आवश्यक आहे; २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने ती बंधनकारक झाली. २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत ओल्या रस्त्यावरील पकड, घर्षणरोध व आवाज यांच्या मर्यादांचा समावेश करण्यात आला. मोटारीच्या टायरवरील खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्या लागतात. खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे पृष्ठभागाच्या पातळीत आले, की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजतात.

चंद्रपूर व गडचिरोली

चंद्रपूर जिल्ह्यातून १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या वनप्रदेशात टायरच्या निवडीवर हवामान व रस्ते यांचा मोठा परिणाम होतो. मे महिन्यात चंद्रपूरचे कमाल तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. तप्त डांबरावर कमी हवेचा किंवा अतिभारित टायर अधिक वाकतो, आतून तापतो व फुटण्याचा धोका वाढतो. हवेचे तापमान २० वरून ४५ अंशांवर गेल्यास टायरमधील दाब सुमारे ४ पीएसआयने वाढतो. म्हणून दाब टायर थंड असताना, शक्यतो सकाळी मोजावा लागतो. प्रवासात वाढलेला दाब कमी करण्यासाठी हवा सोडल्यास टायर थंड झाल्यावर हवा अपुरी पडते.

पावसाळ्यात झिजलेल्या खाचांतून पाणी बाहेर पडत नाही व वाहन घसरते. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या दूरच्या तालुक्यांत पूर व खराब रस्त्यांमुळे मदत उशिरा पोहोचू शकते; पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क वारंवार तुटतो. त्यामुळे सुस्थितीतील व पुरेशी हवा असलेले जादा चाक तेथे महत्त्वाचे ठरते. गिट्टी व मुरमाच्या रस्त्यांवर बाजूची भिंत चिरण्याची शक्यता असते. नक्षीच्या भागातील लहान छिद्र दुरुस्त होते, परंतु बाजूच्या भिंतीवरील चिरेची दुरुस्ती सुरक्षित मानली जात नाही.

या भागातील कोळसा व लोहखनिजाच्या खाणींतील डंपरना वेगळ्या वर्गाचे टायर लागतात. भार व वेग यांच्या गुणाकारावरून त्यांची उष्णता सोसण्याची क्षमता ठरवतात.

आयुष्य

ऊन, उष्णता व ओझोन यांमुळे न वापरलेला टायरही कालांतराने कडक होऊन तडकतो. अनेक उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करण्याची व दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी टायर बदलण्याची शिफारस करतात. हा नियम जादा चाकालाही लागू होतो.

हे सुद्धा पहा

* रबर
* भारतीय मानक ब्युरो
* चंद्रपूर जिल्हा
* गडचिरोली जिल्हा