आईला पळताना बघा

विलायती साहेब पाखरांच्या शिकारीला पॉइंटर, सेटर अशी कुत्री पाळत. वास लागला की पॉइंटर पाखराच्या दिशेला तोंड करून जागीच थिजतो; पुढचं काम बंदुकीचं. आमच्या म्हसवडच्या माळावर बंदूक होती कुणाकडं? इथं तितर धरावा तो फासेपारध्यानं. गवतात फासे मांडायचे आणि जवळ पाळीव तितराचा पिंजरा ठेवायचा. त्याची साद ऐकून रानातला तितर भांडायला यायचा आणि पाय अडकवून घ्यायचा.

कुत्रं लागायचं ते सशासाठी. ते म्हणजे कारवान: लांब तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं. ते नाकापेक्षा डोळ्यावर पळतं. माणदेशासारख्या उघड्या रानाला असंच कुत्रं हवं.

१९५० च्या सुमारास आजोबांनी पहिलं कारवान आणलं, ती हकिकत अब्बा सांगत. धनगराच्या वाड्यावर सहा पिल्लं होती. आजोबांनी पिल्लांकडं बघितलंच नाही. म्हणाले, “आधी आई पळताना दाखव.” ती बघून झाल्यावर त्यांनी पिल्लांपुढं भाकरीचा तुकडा टाकला. भावंडांना चावून जे पुढं घुसलं, ते नको म्हणाले.

त्यामागं कारण होतं. आमच्या घरात कुत्रं हा नाजूक विषय. त्यानं भांड्याला तोंड लावलं की भांडं पुन्हा पुन्हा धुवायचं. पण शिकवलेल्या जनावरानं धरलेली शिकार कुराणाच्या पाचव्या सूरेनं हलाल ठरवली आहे. अट अशी, की त्यानं ती धन्यासाठी धरलेली असावी आणि अल्लाहचं नाव घेतलेलं असावं. कुत्र्यानं स्वतःच खायला सुरुवात केली, तर ससा घरात येत नसे. म्हणून हावरं पिल्लू नको. (आजीनं मात्र त्याला अंगणाच्या आत कधी येऊ दिलं नाही.)

मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी हीच जात जोपासली, म्हणून जगात ती मुधोळ हाउंड झाली. २००५ साली तिच्यावर टपाल तिकीट निघालं.

आमच्याकडं बहात्तर साल म्हणजे दुष्काळ. वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्यावरची शिकारही संपली. कायदा हवाच होता. माळ रिकामा होत चालला होता. पण झळ सगळ्यांना सारखी लागली नाही. इंग्रजांनी पारध्यांवर मारलेला गुन्हेगार जमातीचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, आणि वीस वर्षांत त्यांचा फासा आणि पिंजऱ्यातला तितर गुन्ह्यात जमा झाला. राजाच्या कुत्र्याला तिकीट मिळालं. पारध्याच्या हातातल्या विद्येला पर्याय कुणी दिला नाही.

परवा शेजारचा पोरगा कारवानाचं पिल्लू आणायचं म्हणून सल्ला विचारायला आला. मोबाइलमध्ये फोटो होता. मी म्हटलं, “याच्या आईला पळताना बघितलंस का?” ती साखळीला असते म्हणाला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)