घड्याळाविना चालणारी चिप आणि स्मार्टकार्डाची सुरक्षा

डिजिटल सर्किट सहसा एका ठोक्यावर चालते. क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांतून मिळणारा क्लॉक सिग्नल चिपभर फिरतो आणि प्रत्येक ठोक्याला सगळी रजिस्टरे एकदम नवी किंमत धरतात. असिंक्रोनस सर्किटात असा सामाईक ठोका नसतो. एका भागाचे काम संपले की तो शेजारच्या भागाला तसे कळवतो, शेजारचा भाग माहिती उचलून पोच देतो आणि मगच पुढची माहिती सरकते. या देवाणघेवाणीला हँडशेक म्हणतात.

ही पद्धत संगणकाइतकीच जुनी आहे. एमआयटीमध्ये डेव्हिड हफमन यांनी 1954 मध्ये क्रमिक सर्किटांच्या रचनेचे शास्त्र मांडले. त्याच दशकात इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड म्युलर यांनी, गेट कितीही मंद असली तरी उत्तर बरोबरच येईल अशा सर्किटांचा सिद्धांत उभा केला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा सी-एलिमेंट आजही या क्षेत्राची वीट आहे: सर्व इनपुट सारखे झाले तरच त्याचे आउटपुट बदलते, एरवी ते आधीची स्थिती धरून बसते. तरीही पुढच्या दोन दशकांत बाजी मारली ती क्लॉकनेच, कारण दोन ठोक्यांच्या मधल्या काळात तारांवर काय गोंधळ चालतो याची चिंता अभियंत्याला करावी लागत नाही. पुढचा ठोका पडण्याआधी सिग्नल स्थिरावला म्हणजे झाले.

चिपवर ट्रान्झिस्टरांची दाटी झाली तेव्हा हाच ठोका जड होऊ लागला. चिपच्या प्रत्येक कोपऱ्यात तो एकाच क्षणी पोचवणे अवघड झाले आणि तो पोचवण्यातच बरीच वीज खर्च होऊ लागली. कॅलटेकमध्ये अ‍ॅलन मार्टिन यांच्या गटाने 1980 च्या दशकाअखेरीस पहिला असिंक्रोनस मायक्रोप्रोसेसर तयार केला. 1988 चा ट्युरिंग पुरस्कार मिळालेल्या आयव्हन सदरलँड यांनी आपले पुरस्कार-व्याख्यान ‘मायक्रोपाइपलाइन्स’ याच विषयाला वाहिले आणि अनेक विद्यापीठे या वाटेला लागली. मूळ एआरएम प्रोसेसरच्या रचनाकारांपैकी एक असलेले स्टीव्ह फर्बर यांनी मँचेस्टर विद्यापीठात अ‍ॅम्युलेट मालिका सुरू केली. 1994 चा अ‍ॅम्युलेट-1 एआरएमच्या आज्ञा क्लॉकविना चालवत होता. समकालीन एआरएमपेक्षा तो वेगवान नव्हता, पण एवढा गुंतागुंतीचा प्रोसेसर ठोक्याशिवाय उभा राहू शकतो हे त्याने दाखवले. फिलिप्सने पेजरसाठी अशीच असिंक्रोनस चिप वापरली. तिला वीज कमी लागे आणि पेजरच्या रेडिओला त्रास होईल असा गोंगाटही ती कमी करी.

इथवर प्रेरणा वेगाची आणि विजेची होती. सुरक्षेचा प्रश्न स्मार्टकार्डांनी आणला.

स्मार्टकार्डात स्वतःची बॅटरी नसते. आयएसओ 7816 या मानकानुसार त्याला वीज आणि क्लॉक दोन्ही बाहेरून, कार्ड वाचणाऱ्या यंत्राकडून, ठरावीक सोनेरी संपर्कबिंदूंतून मिळतात. म्हणजे कार्डाच्या पोटातल्या गुप्त किल्लीचे रक्षण करणाऱ्या चिपचा ठोका हल्लेखोराच्या हाती असू शकतो. या एका गोष्टीत अर्धी कहाणी आहे. पे-टीव्हीची कार्डे फोडणाऱ्यांनी ते लवकर हेरले. एकच ठोका अवेळी, फार लवकर दिला, की प्रोसेसर एखादी आज्ञा चुकवतो, आणि ती आज्ञा पासवर्ड तपासण्याची असली तर कुलूप उघडते. केंब्रिजचे रॉस अँडरसन आणि मार्कुस कुन यांनी 1996 मध्ये अशा युक्त्या शोधनिबंधात मांडल्या. त्याच सुमारास बोने, डीमिलो आणि लिप्टन यांनी दाखवून दिले की आरएसएची सही झटपट करण्याच्या प्रचलित पद्धतीत एकच चुकीची सही हाती लागली तरी गुप्त किल्ली काढता येते.

पॉल कोचर यांचा शोध त्याहून सूक्ष्म होता. गणिताला लागणाऱ्या वेळेतून किल्ली फुटते हे त्यांनी 1996 मध्ये सांगितले. पुढे जॅफ आणि जून यांच्यासह 1999 मध्ये त्यांनी विजेच्या वापराच्या आलेखांवरून किल्ली काढण्याची ‘डिफरन्शियल पॉवर अ‍ॅनालिसिस’ ही पद्धत प्रसिद्ध केली. सीमॉस गेटचे आउटपुट बदलते तेव्हा ते वीज ओढते, म्हणून विजेचा आलेख आतल्या शून्य-एकांचा माग ठेवतो. हा माग अगदी फिका असतो. पण शेकडो-हजारो आलेख एकावर एक ठेवून सरासरी काढली की तो उठून दिसतो, आणि आलेख नेमके जुळवायला क्लॉकचा ठोकाच मदत करतो.

मग ठोकाच काढून टाकला तर? हा प्रश्न केंब्रिजमध्ये सायमन मूर, रॉस अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला आणि 2002 मध्ये त्यावरचा निबंध मांडला. त्यांच्या रचनेतला खरा कसदार भाग क्लॉक नसण्यात नव्हता, दुहेरी तारेत होता. प्रत्येक बिटासाठी दोन तारा: एक उंचावली तर शून्य, दुसरी उंचावली तर एक, दोन्ही खाली असल्या तर विराम. बिट कोणताही असो, प्रत्येक फेरीत एकच तार वर जाते आणि खाली येते, त्यामुळे विजेचा खर्च तत्त्वतः सारखा राहतो. दोन्ही तारा एकदम वर जाणे ही नियमबाह्य स्थिती. तिला धोक्याची खूण ठरवून ती चिपभर पसरू द्यायची आणि काम थांबवायचे, अशी योजना होती. बाहेरून क्लॉक नसल्याने अवेळी ठोका देण्याचा मार्गही बंद झाला. विजेचा दाब घटला तर असे सर्किट चुकण्याऐवजी नुसते मंदावते. धोक्याच्या खुणेची गरज किती खरी होती ते त्याच वर्षी दिसले: केंब्रिजच्याच सर्गेई स्कोरोबोगातोव्ह आणि अँडरसन यांनी कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा प्रकाश सूक्ष्मदर्शकातून चिपवर टाकून स्मृतीतला एखादा बिट पालटता येतो हे दाखवले.

मूर यांच्या गटाने ही कल्पना कागदावर सोडली नाही. प्रायोगिक चिप बनवून तिच्यावर स्वतःच हल्ले केले आणि निकाल 2003 मध्ये प्रसिद्ध केले. चिप साध्या सर्किटापेक्षा चिवट निघाली, पण अभेद्य निघाली नाही. आरेखनात जोडीतल्या दोन तारांची लांबी आणि भार तंतोतंत सारखा राहत नाही, आणि त्या फरकातून माहिती झिरपते. काही दुबळेपणा तर या पद्धतीच्या मुळातच होता, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. काम संपताच पुढे सरकणे हा असिंक्रोनस सर्किटाचा गुण. माहितीनुसार काम लवकर वा उशिरा संपत असेल तर तोच गुण कोचर यांच्या 1996 च्या हल्ल्याला वाट देतो. आपल्याच रचनेतली भोके इतक्या मोकळेपणाने मांडणारा हा निबंध या क्षेत्राच्या इतिहासात फार मोलाचा आहे. चिप बनल्यावर तपासण्याऐवजी रचना चालू असतानाच गळती मोजायची, हा विचार या गटाने त्यातूनच पुढे नेला.

इतरत्रही काम चालू होते. मँचेस्टरने जी-थ्री-कार्ड या युरोपीय प्रकल्पात स्मार्टकार्डासाठी एआरएमशी सुसंगत असिंक्रोनस प्रोसेसर घडवला. ग्रेनोबलमध्ये मार्क रेनोदाँ यांच्या गटाने कूटलेखनाची असिंक्रोनस सर्किटे तयार केली. न्यूकॅसलच्या गटाने विरामाच्या दोन स्थिती आळीपाळीने वापरून दोन्ही तारा प्रत्येक फेरीत हलतील अशी सुधारणा सुचवली. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात इन्ग्रिड व्हेरबाउव्हेडे आणि क्रिस तिरी यांनी मात्र दुहेरी तारेची कल्पना क्लॉक ठेवूनच, नेहमीच्या आरेखन साधनांनी राबवली. संरक्षण मुख्यतः तारांच्या समतोलातून येते हे त्यामुळे स्पष्ट झाले. काही वर्षांत त्या पद्धतीतही इनपुट येण्याच्या वेळेतल्या फरकातून गळती सापडलीच.

दुहेरी तारेने चिपचा आकार जवळपास दुप्पट होतो, आणि असिंक्रोनस रचनेसाठी आरेखन व चाचणीची तयार साधने कमीच होती. त्यामुळे कार्ड उद्योगाने ही पद्धत सरसकट उचलली नाही. चिपमध्येच स्वतःचा ऑसिलेटर बसवणे, त्याची गती मुद्दाम डळमळती ठेवणे, बाहेरच्या क्लॉक-विजेवर पहारा ठेवणारे संवेदक लावणे आणि गणितात यादृच्छिक संख्या मिसळून खऱ्या किमती झाकणे, असे उपाय रूढ झाले. पूर्ण असिंक्रोनस मार्ग धरणारेही राहिले: रेनोदाँ यांनी 2007 मध्ये ग्रेनोबलजवळ तिएम्पो ही कंपनी स्थापन केली आणि तिने क्लॉकविना चालणाऱ्या सुरक्षित चिप बाजारात आणल्या.