क्राउन-पिनियनचे दात

रत्नागिरी जिल्ह्यात जुनी जीप विकायला काढली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘प्युजो की डीआय?’ टायर, पत्रा, कागदपत्रं हे सगळं नंतर. या प्रश्नावर गावागावांत दोन तट आहेत आणि ते आपापल्या इंजिनाबद्दल ज्या निष्ठेने बोलतात ती निष्ठा हल्ली राजकीय पक्षांनाही मिळत नाही. प्युजोवाल्यांच्या मते डीआय म्हणजे ट्रॅक्टर, नुसता धडधडाट. डीआयवाल्यांच्या मते प्युजो म्हणजे हौसेची गाडी, ओढकामाला निरुपयोगी.

माझा मामा प्युजोवाला. पावसजवळच्या गावात त्याची कलमांची बाग आहे आणि १९९१ची एमएम ५४० आहे. मोहोराच्या दिवसांत ही जीप फवारणीची टाकी लादलेला ट्रेलर बागेच्या चढावर नेते. मे अखेरीस, मासेमारी बंद व्हायच्या सुमारास, शेजारपाजारच्या लहान फायबर होड्या ट्रेलरवर घालून वाळूतून वर आणते. त्याचे पैसे मिळतात आणि ते आता मामाच्या हिशेबात धरलेले असतात. दोन वर्षांपूर्वी त्याने तट बदलायचं ठरवलं. प्युजो काढून टर्बोवालं अडीच लिटरचं डीआय इंजिन टाकायचं, म्हणजे ओढ वाढेल. मेकॅनिकने आकडाही सांगितला होता. ‘तू इंजिनिअर ना, जरा बघून सांग,’ असं म्हणून मामाने हे काम माझ्याकडे दिलं. मी सॉफ्टवेअरवाला, पण आमच्याकडे इंजिनिअर म्हणजे इंजिनाचा जाणकार, हा समज पक्का आहे. मी बघायला लागलो आणि बघता बघता १९४५पर्यंत मागे गेलो.

युद्धातली विलीज एमबी जीप सगळ्यांना ठाऊक आहे. ती पाव टनाचा ट्रेलर ओढत असे. युद्ध संपत आलं तेव्हा विलीज कंपनीपुढे प्रश्न होता की ही गाडी आता विकायची कुणाला? उत्तर होतं, शेतकऱ्याला. प्रायोगिक नागरी जीपांपैकी काहींवर तर ‘अ‍ॅग्रीजीप’ अशी पितळी पाटीच होती. १९४५मध्ये बाजारात आली ती सीजे-२ए. इंजिन तेच, २१९९ सीसीचं, ६० अश्वशक्तीचं ‘गो डेव्हिल’. कंपनीने इंजिनाची ताकद वाढवली नाही; बदलले ते गिअर. पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.६६ होतं ते २.८० केलं. फोर-व्हीलच्या ट्रान्सफर केसमधला ‘लो’ १.९७ होता, तो २.४६ केला. आणि अ‍ॅक्सलमधलं क्राउन-पिनियन ४.८८ होतं, ते ५.३८ केलं.

या तिन्हींचा गुणाकार करून पाहा. लष्करी जीपमध्ये इंजिनाच्या साधारण साडेपंचवीस फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. शेतकऱ्याच्या जीपमध्ये ३७ फेऱ्यांना एक. म्हणजे तेच इंजिन, तेच तेल, आणि चाकावर येणारा जोर जवळपास ४५ टक्के जास्त. किंमत मोजायची ती वेगात. शेतात नांगर किंवा ट्रॉली ओढणाऱ्याला वेगाशी काय देणंघेणं? जीपमध्ये ‘ओढ वाढवायची’ पहिली सुधारणा कुठल्या गॅरेजवाल्याने केली नाही, ती खुद्द कारखान्याने केली आणि इंजिनाला हात न लावता केली.

बैलाच्या बाबतीत आपल्याला हे कळतं. हर्णै बंदरात अगदी अलीकडेपर्यंत बैलगाड्या लाटांत शिरून होड्यांतली मासळी किनाऱ्यावर आणत. घोडागाडी नाही, बैलगाडी. बैल संथ चालतो म्हणूनच तिथे उपयोगी. जीपबद्दल मात्र आपण अश्वशक्तीच विचारत राहतो.

जीप आपल्याकडे आली त्याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. के. सी. महिंद्र युद्धकाळात वॉशिंग्टनला भारताच्या खरेदी कचेरीत होते. १९४५मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मुहम्मद’ काढली. फाळणीनंतर मुहम्मद पाकिस्तानात अर्थमंत्री झाले आणि १९४८मध्ये कंपनीच्या नावात दुसऱ्यांदा महिंद्र आलं. १९४७मध्ये ७५ जीपांचे सुटे भाग आले होते. १९४९पासून मुंबईत माझगावला जुळणी सुरू झाली. पुढे अमेरिकेत बंद झाल्यावरही इथे बनत राहिलेली सीजे-३बी, उंच बॉनेटची, आपल्या जुन्या मराठी सिनेमांत फौजदार जिच्यातून उतरतो ती. तिच्या अ‍ॅक्सलमध्येही तेच शेतकरी गुणोत्तर होतं, ५.३८.

कोकणाला ही गाडी इतकी का चिकटली, हे नकाशा पाहून कळतं. घाटमाथ्यावर जायचं तर कुंभार्ली किंवा आंबा घाट. मुंबईला जायचं तर कशेडी. किनाऱ्याने बोट होती, पण ती पावसाळ्यात बंद. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८मध्ये. त्याआधीच्या पन्नास वर्षांत मुख्य रस्ता सोडून आत शिरलं की जांभ्याचा सडा, लाल चिखल आणि साकव. सरकारी खात्यांना जीप लागायची, खात्यांनी लिलावात काढल्या की त्या बागायतदारांकडे, ठेकेदारांकडे जायच्या. जिल्ह्यातली जीप बहुधा कुणाची तरी टाकलेली जीप असे, आणि म्हणून ती पहिल्या दिवसापासून ‘काहीतरी बदललेली’ असे.

मोठा बदल आला तो १९७३च्या तेलसंकटाने. कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला. पेट्रोल पिणारी जीप परवडेना. महिंद्रकडे उपाय घरातच होता: १९६३मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत काढलेली ट्रॅक्टर कंपनी. त्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन गाड्यांमध्ये बसवायला सुरुवात झाली. डीआय म्हणजे ट्रॅक्टर, ही प्युजोवाल्यांची शिवी वंशावळ म्हणून पाहिली तर अगदीच खोटी नाही. पण ट्रॅक्टरचं इंजिन जड आणि मंद. मग १९७९मध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी करार झाला आणि इगतपुरीच्या कारखान्यात एक्सडीपी ४.९० हे इंजिन बनू लागलं. ४ म्हणजे चार सिलिंडर, ९० म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. २११२ सीसी, ६२ अश्वशक्ती. मामाच्या जीपमध्ये आहे ते हेच.

आता गंमत अशी की या डिझेल इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, कागदावर १२.३ किलोग्रॅम-मीटर आहे. युद्धातल्या त्या पेट्रोल ‘गो डेव्हिल’चा होता साधारण साडेचौदा. अमेरिकन आकडे तेव्हा पंखा-डायनामो काढून मोजत, म्हणून तुलना काटेकोर नाही. तरी डिझेल आल्याने जीपची ओढ वाढली असं या आकड्यांवरून कुणाला म्हणता येणार नाही. डिझेल आलं ते खिशासाठी. पेट्रोल आणि डिझेलच्या भावातली तफावत सरकारने अनेक वर्षं राखली आणि त्या तफावतीवर डिझेल जीपांचा संसार चालला. ‘डिझेल म्हणजे ताकद’ ही म्हण आपण नंतर जोडली. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘अरे, पण चढावर जाणवतं ना!’ जाणवतं, कारण डिझेलचा पीळ कमी फेऱ्यांवर मिळतो, गाडी न गुरगुरता निघते. तो अनुभव खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष तपासायला हवा.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत जुन्या पेट्रोल जीपांत डिझेल इंजिनं बसवण्याचा एक उद्योगच महाराष्ट्रभर उभा राहिला. हे लोक नुसते पाने फिरवणारे नव्हते. इंजिनाचे माउंटिंग नव्याने वेल्ड करणं, डिझेलची थरथर चासीने सोसावी म्हणून पट्ट्या मारणं, रेडिएटर मोठा करणं हे तर होतंच. सगळ्यात न दिसणारी अडचण ब्रेकची. ब्रेकला मदत करणारा बूस्टर पेट्रोल इंजिनात इंजिनाच्याच ओढीवर, व्हॅक्यूमवर चालतो. डिझेल इंजिनात तसा व्हॅक्यूम तयार होत नाही. त्याला वेगळा पंप लागतो. बूस्टरची जीप असेल आणि हा पंप विसरला असेल, तर मागे भरलेला ट्रेलर आणि समोर घाटाचा उतार असताना पाय दगडावर दाबल्यासारखा लागतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक जवळपास कधीच नसतात. ओढण्याच्या गप्पांत थांबण्याचा विषय कुणीच काढत नाही, हे मला या सगळ्या शोधात वारंवार दिसलं.

डीआयवाल्यांची बाजूही मांडायला हवी. टर्बो असलेलं अडीच लिटरचं डीआय इंजिन प्युजोपेक्षा जवळपास दीडपट पीळ देतं. निवळी घाटात ट्रेलर मागे असताना प्युजो दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत असेल तिथे ते तिसऱ्यात जाईल. रोज घाट चढायचा असेल तर वाद संपला.

पण मामाची जीप घाट चढत नाही. ती बागेच्या चढावर आणि वाळूत चालते, तेही लो गिअरमध्ये. इथे पुन्हा हिशेब करू. प्युजोचा १२.३चा पीळ, ३७च्या आसपासचं एकूण गुणोत्तर, चाकाची त्रिज्या साधारण ३६ सेंटिमीटर. चाकावर येणारा जोर भरतो साडेबाराशे किलोच्या घरात. गिअरमधलं घर्षण वजा केलं तरी हजाराच्या वर. आणि जीपचं स्वतःचं वजन साधारण तेराशे किलो. ओल्या घट्ट वाळूवर टायरला आपल्या वजनाच्या निम्मी पकड मिळाली तरी पुष्कळ. भुसभुशीत वाळूवर तेवढीही नाही. म्हणजे इंजिनाचा जोर संपण्याच्या कितीतरी आधी चाक जागच्या जागी फिरून खड्डा करतं. दीडपट इंजिन टाकलं तर खड्डा दीडपट लवकर होईल. किनाऱ्यावर ज्यांनी जन्म काढला ते ड्रायव्हर टायरमधली हवा उतरवतात, होडीखाली फळ्या टाकतात, जीपमध्ये दोन माणसं बसवतात. त्यांनी हे गणित कागदावर केलेलं नाही, पण उत्तर बरोबर आहे.

मग मी वाकून टायर पाहिले. मूळचे ६.००-१६, उंचीला साधारण २९ इंच. आधीच्या मालकाने रुबाबासाठी ३१ इंची घातले होते. चाक मोठं झालं की जोर कमी होतो. इथेच सात टक्के गेले. मेकॅनिककडे हाऊजिंग उघडलं तेव्हा क्राउनला ३९ दात आणि पिनियनला ८. भागाकार ४.८८. सीजे-२ए आणि सीजे-३बीमध्ये ४३ आणि ८ असत, ते ५.३८. म्हणजे टायर मूळचे केले आणि क्राउन-पिनियन ४३-८चं बसवलं, तर इंजिनाला हात न लावता चाकावरचा जोर १८ टक्के वाढतो. आमच्या धंद्यात नवा सर्व्हर मागण्याआधी सेटिंग बघ म्हणतात, तसंच हे. फक्त दात बदलायचे तर पुढच्या आणि मागच्या, दोन्ही अ‍ॅक्सलचे एकदम. एकच बदलला तर फोर-व्हीलमध्ये टाकताच दोन्ही एकमेकांशी भांडतात.

इंजिन न बदलण्याला दुसरंही कारण होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ साल २०००मध्ये बदललं आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करायला मनाई झाली. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका खटल्यात तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा फेरफारामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण, ते शुल्क एप्रिल २०२२मध्ये सहाशेवरून पाच हजार झालं होतं, वर हरित कर. मामाच्या जीपची ही तारीख जवळ आली होती. आरसीवर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं, अशा अवस्थेत ती तपासणीला उभी राहिली असती तर मे महिन्याची कमाई, आणि कदाचित जीपही, गेली असती. नव्वद सालात इंजिन बदलून रीतसर नोंद करून घेतलेल्या जीपा आजही फिरतात. तो दरवाजा आता बंद आहे. आणि ज्या भावासाठी ती इंजिनं बदलली गेली, तो डिझेलचा भावही ऑक्टोबर २०१४मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटला.

मामाला हिशेबाचा कागद दाखवला. त्याने तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, ‘म्हणजे प्युजो चांगलं म्हणतोस?’ मी म्हटलं, ‘मामा, प्युजोला कुणी वाईट म्हटलंच नव्हतं, तूच म्हणत होतास.’ ४३-८चे दोन जोड जमवायला चार महिने लागले. एक कोल्हापूरहून आला, दुसरा एका गंजलेल्या सीजे-३बीच्या पोटातून निघाला. रेडिएटर साफ केला, क्लच प्लेट नवी टाकली, हुकाच्या मागच्या आडव्या पट्टीला खाऱ्या हवेने पडलेलं भोक कापून नवा तुकडा वेल्ड केला. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, त्यामुळे आता काटा खऱ्या वेगापेक्षा पुढे धावतो. मामाला ते आवडलं आहे. हायवेवर मात्र गाडी पूर्वीपेक्षा लवकर ओरडते आणि मामी तिच्यात बसून रत्नागिरीला जायला तयार नसते.